बहमन महिना वाचून देणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सलाम.

चर्चच्या कपाटातलं शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर दाखवायला तुम्हाला बोलावलं, तेव्हा त्याची पानं उलटायचीही धास्ती वाटत होती. कडा वाळवीनं खाल्लेल्या, अक्षर मोडी. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आमच्या गावच्या चर्चशाळेत पहिली पाटी कुणी धरली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या पानावर १३२८ आहे, एवढं आम्ही लावलं होतं. निजामाचा मुलूख, म्हणजे सन हिजरीच, असं धरून शाळा १९१० ची ठरवली आणि फलकही रंगवायला टाकला. तुम्ही चष्मा पुसून आकड्याशेजारचा शब्द वाचलात : बहमन. "हा हिजरीतला महिना नाही बेटा, फसलीतला आहे, निजामाच्या महसुली सनातला. ५९० मिळव." तुमच्या पटवारी वडिलांच्या दप्तरातली ही विद्या. ते साल ऑक्टोबर १९१८ ला सुरू झालं. बहमन तिसरा महिना, म्हणजे डिसेंबर.

मग तुम्ही पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलंत. मामा, चुलता, आजी, मामा, मिशन. बापाचं नाव फार थोड्यांपुढे. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाच्या तापानं घरंच्या घरं ओस पाडली होती. "तापातून मागे राहिलेली लेकरं असतील ही," म्हणालात आणि बराच वेळ पान उलटलं नाहीत. आम्ही तोवर खोली कुणी बांधली, घंटा कुणी दिली, हेच शोधत होतो.

त्यानंतर जुम्म्याची नमाज आटोपून दर आठवड्याला येत राहिलात. एकेक नाव बाळबोधीत उतरवलंत. १३४६ च्या पानावर माझी आजी सापडली! शाळा सोडण्याचं कारण : धाकटा भाऊ सांभाळणे. जन्मभर अंगठा उठवणारी माझी आजी तीन महिने त्या खोलीत बसली होती, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला ते पान दाखवलं, तर ती त्या ओळीवरून नुसता हात फिरवत राहिली.

पैशांचं नाव काढलं तेव्हा रागावलात, म्हणून हे पत्र. फलकावर आता १९१८ आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर सगळी नावं मोठ्यानं वाचायची आहेत. पहिलं पान तुम्ही वाचा. तुमच्या गुडघ्यांसाठी पुढे खुर्ची ठेवतो, न्यायला मी येईन.

आपला,
शाळेचा एक माजी विद्यार्थी