‘चार्ज’च्या शेजारी कोण बसतं?

नाशिक
रविवार

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नववीच्या मुलांना ‘चार्ज’चे पाच अर्थ तोंडपाठ आहेत, आरोप, शुल्क, ताबा, हल्ला, विद्युतभार, आणि तरीही ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटलं की निम्म्या वर्गाचं वाक्य चुकतं, असं तू लिहिलंस. माझ्या मते दोष मुलांचा नाही, वहीतल्या त्या दोन रकान्यांचा आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्वल्पविराम देत लिहिलेले मराठी अर्थ. शब्दाच्या शेजारी कोण बसतं हे त्यात दिसतच नाही, आणि ‘चार्ज’चा अर्थ तर शेजाऱ्यांवरूनच ठरतो.

पैशांचं घे. आपण म्हणतो, ‘मेकॅनिकने माझ्याकडून पाचशे रुपये घेतले.’ त्या ‘कडून’साठी मुलं ‘फ्रॉम’ शोधतात आणि ‘ही चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम मी’ असं लिहितात. इंग्रजीत इथे फ्रॉम लागतच नाही. क्रियापदामागे थेट माणूस, मग रक्कम, आणि कशाचे पैसे ते सांगायला ‘फॉर’: ‘द मेकॅनिक चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर द रिपेअर.’ हा क्रम कानात बसेपर्यंत मोठ्याने म्हणवून घे.

आरोपाच्या अर्थाला ‘विथ’ लागतो: ‘द पोलीस चार्ज्ड हिम विथ थेफ्ट.’ मुलं इथे ‘ऑफ’ लावतात, कारण ‘अक्यूज्ड ऑफ’ त्यांनी आधी शिकलेलं असतं आणि मराठीत दोन्हीकडे ‘चोरीचा आरोप’च असतो. ‘फॉर’ लावला तर वाचणारा पैशांकडे वळतो. ‘ही वॉज चार्ज्ड फॉर टू कॉफीज’ म्हणजे त्याच्या बिलात दोन कॉफ्या लावल्या. एका शब्दयोगीवर माणूस पोलीस ठाण्यात आहे की हॉटेलात, हे ठरतं.

मग वर्गात हे वाक्य दे: ‘द पोलीस चार्ज्ड द क्राउड.’ कर्ता तेच पोलीस, पण ‘विथ’ नाही आणि समोर गर्दी आहे, म्हणजे पोलीस गर्दीवर धावून गेले. आपला ‘लाठीचार्ज’ याच घरातला, त्यामुळे हा अर्थ मुलांना सांगावाही लागणार नाही. बैल शेतकऱ्यावर चालून आला तर ‘द बुल चार्ज्ड ॲट द फार्मर’. क्रिमियन युद्धात, 1854 साली बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांवर तुटून पडलं, त्या चढाईलाही इंग्रजीत चार्जच म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘इन चार्ज’ला दे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या जबाबदारीवर आहे. मुलापासून सुरुवात केली की वाक्य होतं ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स.’ मध्ये एक ‘द’ आला आणि सांभाळणारा कोण, सांभाळला जाणारा कोण, याची अदलाबदल झाली. पाचही अर्थ पाठ असलेला मुलगा इथे हमखास अडकतो, कारण अर्थ दोन्हीकडे ‘ताबा’च आहे. शिवाय आपल्या कार्यालयांत ‘इनचार्ज’ हे पद झालं आहे, ‘सर इथले इनचार्ज आहेत.’ मराठी बोलण्यात ते पूर्ण रुळलेलं आहे, त्याला हात लावू नकोस. इंग्रजी लिहिताना मात्र ‘ही इज द इनचार्ज’ नको, ‘ही इज इन चार्ज’ हवं.

दवाखान्याबद्दलही सांग, कारण तिथली चूक महागात पडू शकते. ‘आईला डिस्चार्ज मिळाला’ याचं मुलं ‘माय मदर गॉट डिस्चार्ज’ करतात. ऐकणाऱ्या इंग्रजी डॉक्टरला वाटेल, जखमेतून किंवा कानातून स्राव येतोय. म्हणायचं असतं ‘शी वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम हॉस्पिटल’. कोर्टात हाच शब्द आणखी वेगळा. खटला चालण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला सोडलं तर तो ‘डिस्चार्ज्ड’, आणि खटला पूर्ण चालून निर्दोष ठरला तर ‘अक्विटेड’. आपल्या बातम्यांत दोन्हींसाठी ‘सुटका’ लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. त्या माणसाच्या आयुष्यात तो फरक फार मोठा असतो.

एवढे अर्थ एका शब्दात कसे जमले, हे मुलं विचारतीलच. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीवर ओझं लादणे हे क्रियापद झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. शुल्क लादतात, आरोप लादतात, जबाबदारी लादतात. बंदुकीत दारू ठासली की तोही चार्ज. बेंजामिन फ्रँकलिनने 1740च्या दशकात फिलाडेल्फियात विजेचे प्रयोग करताना हाच शब्द विजेला लावला, आणि आज आपण फोन चार्जिंगला लावतो. फळ्यावर शेजारी मराठी शब्दही लिही: पदभार, कार्यभार, प्रभारी मुख्याध्यापक, विद्युतभार. आपल्या भाषेतही ‘भार’ जवळजवळ त्याच वाटांनी फिरला आहे. हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो त्यासाठी एक अख्खा तास गेला तरी जाऊ दे.

पण सुधाकर, तिथेच थांबू नकोस. मूळ कळल्याने अर्थ लक्षात राहतो, ‘विथ’ की ‘फॉर’ ते कळत नाही. ते सोबतीतूनच शिकावं लागतं. जे. आर. फर्थ हा भाषाशास्त्रज्ञ 1957 साली लिहून गेला की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. पुढे लंडनला गाजलेला हा माणूस उमेदीच्या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता.

म्हणून ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव. अर्धी वाक्यं दे. ‘दे चार्ज्ड अस...’ एवढंच फळ्यावर लिही आणि पुढे ‘विथ’ आला तर काय, रक्कम आली तर काय, हे मुलांकडून काढून घे. वहीत अर्थाच्या जागी अख्खं वाक्य लिहायला लाव, आणि तेही त्यांच्या आसपासचं: पिठाची गिरणी, एसटी स्टँड, प्राथमिक आरोग्य केंद्र. परीक्षेत अर्थ विचारतात ही तुझी अडचण मला ठाऊक आहे. पण वाक्य येणाऱ्या मुलाला अर्थ सांगता येतोच, उलट मात्र होत नाही हे तू रोज पाहतोस.

पुढचा शब्द ‘इश्यू’ घ्यायचा म्हणतोस. जरूर घे, पण आधी मुलांनी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी, न सुधारता मला पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन