मानेच्या गाठीत सुई घालण्याआधी
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते. आपल्याकडे मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा. पुष्कळदा तो खराही ठरतो, त्यामुळे या सवयीला मी नावं ठेवत नाही. पण जबड्याच्या कोनाखाली वर्षानुवर्षं न दुखता वाढणारी, हाताला ठोके लागणारी, आडवी सरकते पण वर-खाली हलत नाही अशी गाठ वेगळी असते. मेंदूकडे जाणारी कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते, तिथल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरॉटिड बॉडी नावाच्या अवयवातून ती वाढलेली असू शकते. आत नुसतं रक्तवाहिन्यांचं जाळं. चिरा देऊन तुकडा काढायला गेलं, तर रक्त आवरत नाही.

मागे एक शेतकरी बाई आल्या. मानेवर अर्धवट सोडलेल्या बायोप्सीचा व्रण, पिशवीत टीबीचा कोर्स पूर्ण केल्याचा कागद. गाठ होती तिथेच, वाढलेली.

अशी गाठ लहान असताना धमनीच्या भिंतीवरून सोडवता येते. डॉ. शॅम्ब्लिन यांनी १९७१ साली केलेल्या या गाठींच्या वर्गवारीतल्या तिसऱ्या, सर्वांत अवघड प्रकारात ती धमनीला वेढून बसते. मग धमनीचा तुकडाही बदलावा लागू शकतो, अर्धांगवायूचा धोका वाढतो आणि जिभेच्या, आवाजाच्या नसा दुखावू शकतात. त्या वेळी नाक-कान-घशाचा सर्जन एकटा पुरत नाही, शेजारी रक्तवाहिन्यांचा सर्जन लागतो. तो आमच्या जिल्ह्यात नाही.

साहेब, नवं यंत्र मागत नाही. सोनोग्राफी यंत्र आहे. ते चालवणारा रेडिओलॉजिस्ट रोज हवा (हे गाऱ्हाणं जुनंच). मानेच्या ठोके लागणाऱ्या गाठीची आधी डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) आणि तोवर सुई-बायोप्सी बंद, एवढं परिपत्रक प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात जावं. संशय आलाच तर सीटी अँजिओग्राफीसाठी (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनसाठी) पाठवायचं कुठे, ते केंद्र विभागवार ठरलेलं असावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी देताना तपासणी, गरज पडल्यास एम्बोलायझेशन (शस्त्रक्रियेआधी गाठीचा रक्तपुरवठा आतून बंद करणं) आणि शस्त्रक्रिया यांची एकच फाईल धरावी.

काही घराण्यांत हा आजार जनुकातून येतो, मानेच्या दोन्ही बाजूंनाही होतो. म्हणून रुग्णाच्या भावंडांच्या आणि मुलांच्या तपासणीची ओळही परिपत्रकात असू द्या.

परिपत्रक एका पानाचं होईल. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ