माळढोकानं जुळवून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोकाचा, म्हणजे गवताळ माळावर राहणाऱ्या त्या मोठ्या पक्ष्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, जो परिस्थितीशी जुळवून घेत नाही तो संपणारच, डार्विनच सांगून गेलाय. उत्क्रांतीचा हा अर्थ साफ चुकीचा आहे आणि त्या नावाखाली आपण हात झटकतोय याचं फार वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

मुळात एकटा जीव ठरवून बदलत नसतो. पिल्लं जन्मतःच एकमेकांपेक्षा थोडी वेगळी असतात, ज्यांचं वेगळेपण त्या जागी कामाला येतं ती जास्त जगतात, त्यांचा वंश वाढतो आणि तो गुण पुढे जातो, यालाच निवड म्हणायचं, बस एवढंच. डासांचंच बघा ना, फवारणीत बहुतेक सगळे मरतात पण एखाद्याच्या अंगात आधीपासूनच असं काहीतरी असतं की औषध त्याला मारत नाही, मादी एका खेपेला शंभरभर अंडी घालते, गरम हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास तयार, मग काही वर्षांत सगळीकडे त्या वाचलेल्यांचीच पैदास. डीडीटीनं किडे मरतात हे 1939 मध्ये कळलं आणि दहा वर्षांच्या आत त्याला दाद न देणाऱ्या घरमाश्या सापडल्यासुद्धा.

माळढोकाकडे यातलं काय आहे? मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, वयात यायलाच तिला काही वर्षं लागतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं चांगलं दिसतं पण अगदी समोरचं कमी, नर तर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडताना विजेची तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही, आणि तिला धडकून तो मरतो. आणि देशभरात मिळून दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत, त्यात निवड व्हायला वेगळेपण तरी किती शिल्लक असणार.

नान्नजचीच काळविटं घ्या, भारतातून चित्ता संपल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं तरी त्याच्यापासून वाचायला लागणाऱ्या वेगानं ती अजून पळतात. निवड होते ती होऊन गेलेल्या संकटांवर, विजेची तार येणार हे तिला कुठून कळणार?

सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या भागात तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, नंतर तो आदेश सैल झाला ही गोष्ट वेगळी. आपलं अभयारण्य 1979 चं, त्याच्या आसपासच्या तारा जमिनीखाली घेणार की निदान त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावणार, हे वनखात्यानं आणि वीज कंपनीनं सोलापूरकरांना जाहीर सांगावं.

आपला एक वाचक,
सोलापूर