चाळीचा पॅसेज टॉवरमध्येही हवा

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील नव्या घरांच्या चाव्या मिळाल्याचे वृत्त वाचून आनंद झाला. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, तेही घरातल्या स्वच्छतागृहासह, जाणे हा त्यांचा हक्कच होता. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे सहसा तिथे राहत नसतात. पण खोली अपुरी म्हणूनच आम्ही चाळकरी मधल्या पॅसेजमध्ये पसरलो. तांदूळ निवडणे तिथे, दहावीचा अभ्यास तिथे, रात्री पथाऱ्याही तिथेच. सकाळी कोणाचे दार उघडले नाही, तर शेजारी कडी वाजवत. चाळीस मजली टॉवरमध्ये हे आपोआप घडणार नाही. उर्वरित इमारतींत काही मजल्यांआड बसायला उजेडाची, मोकळी जागा म्हाडाने नकाशातच दाखवावी.

– एक माजी चाळकरी, डोंबिवली