पाच मिनिटे चालू ठेवलेली गाडी घाटात दगा देते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणपती दोन आठवड्यांवर आले की मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये गाड्यांवरची कव्हरे निघतात. जूनच्या पहिल्या पावसापासून झाकलेली गाडी पुसली जाते, कशीबशी चालू होते आणि जागच्या जागी थरथरू लागते. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग मारते’, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. रेस दिली की गचके, सोडली की बंद. मग घाईने ठिणगी टाकणारे प्लग बदलले जातात, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले जातात, आणि एवढे करूनही पोलादपूर मागे पडून कशेडीचा चढ लागला की गाडी पुन्हा तेच रडगाणे गाते. कोकणात जाणाऱ्या वाचकांसाठी हे पत्र.

याचे मूळ बऱ्याचदा एका सदिच्छेत असते. ‘गाडी उभी आहे ना, मग रोज पाच मिनिटे चालू करून ठेव’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. गाडीचे याहून मोठे नुकसान दुसरे कुठलेही हौशी काम करत नसेल. थंड इंजिनाला गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांपर्यंत तापले तरच त्यावरची काजळी जळते. उभ्या गाडीत पाच मिनिटांत ते तेवढे तापत नाही. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते. रस्त्यावर ते वाफ होऊन बाहेर पडते, पार्किंगमध्ये मात्र सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर बहुधा ही त्याच पाण्याची करामत. (कूलंटही कमी झाले असेल तर मात्र इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा, म्हणजे हेड गॅस्केटचा, संशय घ्यावा.) डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढले असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये. गाडी चालवायची तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर न्यावी. ते जमत नसेल तर चालूच करू नये, बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेवावी.

कारण बॅटरीचा हिशेब सरळ आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर मिळून ३०-४० मिलिअँपिअर खातात, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच आठवड्यांत अर्धी होते. तपासायला स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी बाहेर काढून चार्ज करावी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरले तर कॉम्प्युटर आणि प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल दोन्ही अडखळतात. ते मिसिंग प्लगचे नसते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून चालू केली आणि लगेच घाटाची वाट धरली, असे करू नये.

वायर काढून पुन्हा जोडल्यावर पहिली काही मिनिटे आयडलिंग, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाची गती, वर-खाली होते. कॉम्प्युटरने शिकलेले पुसले गेलेले असते. दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर ते बसले तर तो दोष नव्हे. मात्र चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर वायर काढण्याआधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा, नाहीतर पुरावाच पुसला जातो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मारत नाही, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे कधी हा, कधी तो, आणि तेव्हा संशय आधी पेट्रोलवर घ्यावा. दिवा मिचमिचत असेल तर गाडी तिथेच थांबवावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो जळाला की खर्च प्लगच्या कितीतरी पट.

आता पेट्रोल. व्हॉट्सॲपवर सगळे खापर इथेनॉलवर फोडले जाते. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते, हे खरे. पण नुसत्या दमट हवेने टाकीच्या तळाशी वेगळा थर पडण्याइतके पाणी तीन महिन्यांत क्वचितच साचते. पाणी शिरते ते टाकीच्या झाकणाच्या चिरलेल्या रबरातून किंवा आधीच पाणी असलेल्या पेट्रोलमधून. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. पंप तळातूनच उपसतो, म्हणून इंजिनाच्या वाट्याला पहिला घोट त्या पाण्याचा येतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. इंजिन थंड असताना, उघड्या जागी, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. लाइनचा दाब उतरतो. मग इंजिनाकडचा पेट्रोलचा पाइप सोडवून पारदर्शक काचेच्या बाटलीत धरावा, फ्यूज परत बसवावा आणि किल्ली फक्त ‘ऑन’ करावी. दर खेपेला पंप दोन सेकंद चालतो. पाव लिटर घेऊन बाटली अर्धा तास हलवू नये. एकसंध, फिकट पिवळसर दिसले तर ठीक. तळाशी वेगळा थर, मध्ये आरशासारखी रेघ, किंवा सगळेच ताकाच्या निवळीसारखे धुरकट दिसले तर टाकी उपसणे हाच उपाय. वरून ताजे ओतून तो थर मिसळेल या भरवशावर राहू नये. ‘पाणी शोषणारी’ म्हणून विकली जाणारी औषधेही इथे निरुपयोगी, कारण त्यातली बरीचशी अल्कोहोलचीच असतात आणि अल्कोहोल पेट्रोलमध्ये आधीच भरपूर आहे. थर नाही, पण रंगाच्या डब्यासारखा वास येतो, म्हणजे पेट्रोल शिळे झाले आहे. टाकीत आठ-दहा लिटर असेल तर त्यावर पंधरा-वीस लिटर ताजे भरल्यावर बहुतेक गाड्या मार्गावर येतात. हाताने सोडवण्याचे हे काम ज्यांना सवयीचे नाही त्यांनी मेकॅनिककडून करून घ्यावे, पण बाटली स्वतः पाहावी.

सीएनजीवाल्यांनी यात फसू नये. त्यांची गाडी रोज धावते, पण बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालू होऊन लगेच गॅसवर जातात, त्यामुळे टाकीतले पेट्रोल सहा-सहा महिने तेच असते. मात्र निदानाची सोय त्यांच्याइतकी कोणाकडेच नाही, कारण त्यांच्याकडे नुसते एक बटण आहे. पेट्रोलवर थरथर आणि गॅसवर लोण्यासारखी मऊ, तर दोष पेट्रोलच्या बाजूचा: शिळे पेट्रोल, पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. दोन्हीवर थरथर, तर प्लग, कॉइल किंवा हवेची गळती. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर गॅसचा फिल्टर पाहावाच, पण प्लग-कॉइलही तपासावी. गॅस पेटवायला ठिणगी जास्त व्होल्टेजची लागते, म्हणून अशक्त कॉइल आधी गॅसवर उघडी पडते.

कुठला सिलिंडर झोपला आहे हे शोधायला इंजिन आयडलवर ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढून पाहावेत. ज्याचा काढल्यावर इंजिन आणखी धडपडते तो सिलिंडर काम करतो आहे; ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो दोषी. कॉइलचे कनेक्टर काढून हीच परीक्षा घेणारे बरेच आहेत, पण तेव्हा कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. मग इंजिन बंद करून दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर बसवावी. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल बदलावी, नाही सरकले तर प्लग काढून पाहावा. प्लग काढण्याआधी तो ज्या खळग्यात बसतो त्यात हवा मारावी. पुढच्या काचेखालच्या जाळीतून गळलेले पावसाचे पाणी तिथे साचते, कॉइलच्या रबरी टोपीवर पांढरी-करडी रेघ उमटते, आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या रेघेवरून पळते. नुसता काळा, कोरडा प्लग पुसून पुन्हा चालतो. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडण्याचे अंतर मॅन्युअलमध्ये असेल तेवढेच ठेवावे. ते बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. बसवताना आधी पाना न लावता हाताने फिरवावा. नवा, वायसरवाला प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडची आटी गेली तर गणपती गॅरेजमध्येच.

आणि उंदीर. मुंबईत पावसाळ्यात बॉनेटखालच्या कोरड्या जागेसारखी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. एअर फिल्टरचा डबा उघडला की खोबऱ्याचा तुकडा, चिंध्या, कागदाचा भुसा, सगळा संसार सापडतो. इंजेक्टरची एक वायर कुरतडली की एक सिलिंडर गेलाच. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकला जोडलेला व्हॅक्यूमचा बारीक पाइप कुरतडला तर आयडलिंग वर-खाली होते आणि ‘स्स्स’ आवाज येतो. कनेक्टर वाचवून पाइपवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारावा. चीर असेल तिथे पाणी आत ओढले जाते आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. वायर चिकटपट्टी गुंडाळून न ठेवता सोल्डर करून घ्यावी.

थरथर फक्त चालत्या गाडीत असेल तर इंजिनाच्या मागे लागू नये. एका जागी उभे राहून टायरला पडलेला सपाटपणा असतो. हवा नेमकी भरून पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर तो बहुधा जातो. ब्रेकची घरघर डिस्कच्या गंजाची, दोन-चार वेळा दाबल्यावर थांबते. हँडब्रेक चिकटू नये म्हणून पुढच्या वर्षी गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावावा.

हे सारे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करण्याचे काम नाही. निदान आठ दिवस आधी, एसी लावून, एखादा चढ घेऊन तीस-चाळीस किलोमीटर गाडी फिरवून आणावी. पार्किंगमध्ये जिच्या निम्म्या चाकापर्यंत पाणी चढले होते अशा गाडीला मात्र यातले काहीही लागू नाही. तिचा सेल्फ मारूच नये, तशीच टोचन करून गॅरेजला न्यावी.

– एक मेकॅनिक वाचक, ठाणे