रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण : चौथे पत्र

दिनांक : ९ जून

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

विषय : जोराचा रक्तस्राव थांबवण्याच्या प्रशिक्षणासाठी सभागृह मिळणे व प्रथमोपचार पेटी कुलपाबाहेर ठेवणे याबाबत.

महोदय,

याच विषयावरचे हे माझे चौथे पत्र. २० जानेवारी, १४ फेब्रुवारी आणि २ एप्रिलच्या पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. सभासदाचा तक्रारअर्ज लगतच्या सभेत घेऊन निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवावा, असे उपविधी सांगतात. या काळात समितीच्या चार सभा झाल्या.

किंक्रांतीच्या दिवशी फाटकासमोर स्कूटरवरच्या मुलाच्या गळ्याला नायलॉन मांजा लागला, तेव्हा आपण स्वतः तिथे होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, तरी आपल्या शहरात तो दर संक्रांतीला आकाशात असतो. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचेपर्यंत पंधरा-वीस माणसे जमली होती. एका ताईंनी हळद आणली होती, एक गृहस्थ गळ्याभोवती ओढणी आवळण्याच्या बेतात होते, आणि जखमेवर रुमाल धरलेले काका रक्त थांबले का हे पाहण्यासाठी तो सारखा उचलत होते, त्यामुळे धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी निघून येत होती. यांतला प्रत्येकजण मनापासून मदत करू पाहत होता, हे मी मुद्दाम नमूद करते. गळ्याभोवती काहीही आवळायचे नसते, तिथे जखमेवरच थेट दाब द्यायचा असतो, हे त्यांना कधी कोणी शिकवलेच नव्हते. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत १८ मिनिटे मी आणि आपले वॉचमनकाका जखम दाबून बसलो. मुलगा वाचला. मी त्या दिवशी योगायोगाने घरी होते, आणि आता माझे वय ६७ आहे.

त्या वेळी गॉज मागितला, तर प्रथमोपचार पेटी कार्यालयातल्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली सी विंगमधील खजिनदारांकडे, असे समजले. खजिनदार गावाला गेले होते. पाच महिन्यांनंतरही ती किल्ली त्यांच्याकडेच आहे.

मी ३१ वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते, म्हणून हे अधिकाराने लिहिते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) कापली गेली तर ते काही मिनिटांतच जिवावर बेतण्याइतके वाहून जाते. तेवढ्या वेळात कोणताही डॉक्टर पोचत नाही, शेजारीच पोचतो. मला शिकवायचे आहे ते दीड तासात शिकून होते. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचे आणि मध्ये उचलून पाहायचे नाही. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर तिच्या तळापर्यंत कापड ठासून भरायचे आणि वरून दाबायचे. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा) बांधायचे, रक्त थांबेपर्यंत आवळायचे, वेळ लिहून ठेवायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करायचे नाही. रुतलेली काच उपसायची नाही. टूर्निकेटने हात-पाय कापावा लागतो ही भीती पुष्कळांना असते. शस्त्रक्रियेत ते दीड-दोन तास बांधलेले मी असंख्य वेळा पाहिले आहे.

सी विंगमधील सन्माननीय सभासदांचे म्हणणे असे की ही अमेरिकेतली बंदुकींसाठीची थेरे आहेत. उगम तिकडचा आहे, हे खरे. २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या शल्यचिकित्सकांनी पुढाकार घेतला आणि २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली. परंतु मांजाने, खिडकीच्या काचेने किंवा ग्राइंडरने कापलेल्या हातालाही हाच उपाय लागतो. त्यांचा दुसरा आक्षेप पोलिसांच्या झंझटीचा. मोटार वाहन कायद्याचे २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. ते मोटार अपघातांपुरते आहे, पण आपल्या फाटकासमोरच्या रस्त्यावर रोज होण्यासारखे अपघात तेच आहेत.

याच सद्गृहस्थांनी माझी सूचना फलकावरून दोनदा काढली, ग्रुपवरचा संदेश ‘मुले घाबरतात’ म्हणून हटवला, आणि सभागृहासाठी मला खासगी कार्यक्रमाचे २,५०० रुपये भाडे सांगितले. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला भाडे लागले नव्हते. मी कोणाशी वाद घालत नाही, हे आपण जाणता. ए आणि बी विंगमधील अकरा कुटुंबांनी मला तोंडी पाठिंबा दिला आहे, आणि सी विंगमधील तिघांनी नाव न सांगण्याच्या अटीवर. आग विझवण्याचे प्रात्यक्षिक दरवर्षी पार्किंगमध्ये होते, त्याला कोणी घाबरत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी सकाळी १० ते ११.३० सभागृह विनाभाडे मिळावे. फोम, गॉज आणि सरावाचे टूर्निकेट मी स्वखर्चाने आणीन. पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये, कुलपाशिवाय ठेवावी. आणि नकारच द्यायचा असेल, तर खजिनदारांचा आक्षेप त्यांच्या सहीनिशी लेखी घेऊन इतिवृत्तात नोंदवावा व त्याची प्रत मला द्यावी.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, तिसरा मजला