मानसिक आजार म्हणजे बाहेरचं नव्हे

मा. संपादक,
कर्नाटकातल्या खानापूर, निपाणीकडच्या गावात अजून पण कुणाला झोप लागेना, कानात आवाज यायला लागले की आधी देवऋष्याकडं नेतात, अंगारा लावतात आणि त्यातच वर्ष जातं, हे बघून फार वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

हे आजार एकाच कारणानं होत नाहीत, आनुवंशिकता, मेंदूतले बदल, लहानपणी सोसलेलं, कर्ज, दारू असं बरंच मिळून होतं, मग आईबापाला दोष देऊन काय उपयोग? डिप्रेशन ब्लड टेस्टमध्ये दिसत नाही, डॉक्टर थायरॉईड, बी१२ तपासतात ते दुसरं कारण नाही ना बघायला. खरं निदान बोलण्यातून होतं, उदासपणा, कशातच मन न लागणं, झोप-भूक बिघडणं हे कमीत कमी दोन आठवडे जवळजवळ रोज आहे का, कामावर परिणाम होतोय का, घरच्यांना पण विचारतात. आता आमच्याकडची मराठी बोलणारी म्हातारी माणसं मनातलं डॉक्टरला कन्नडमध्ये कसं सांगणार!

धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत पण बोलता येतं. सीमाभागातल्या प्रत्येक तालुका दवाखान्यात मराठी येणारा कौन्सेलर द्यावा आणि तुम्ही हा नंबर पेपरात रोज छापावा, ही विनंती.

– एक वाचक, खानापूर